रंजनाबाईचं आख्खं मत

नंदुरबारच्या मिरची पथारीवर पिच्चरला स्टार देत नाहीत. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. हंगामात तिथं नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बाया रांगेनं बसून देठ खुडत असतात. मालाचे तिथं तीन ढीग. लाल म्हणजे चोख. फिकी म्हणजे रंग जरा उडालेली, पण चालवून घ्यावी अशी. आणि फटकी म्हणजे पांढरी पडलेली, तिच्याकडे कुणी बघतही नाही. पिच्चरचेही पथारीवर हेच तीन ढीग, आणि कोणता पिच्चर कोणत्या ढिगात टाकायचा ते ठरवणार रंजनाबाई.

हा मान तिला कुणी दिला नव्हता, तिनं तो घेतला. पहिल्याच हंगामात मुकादमाला तिनं बजावलं होतं, "शुक्रवारले दुपारनंतर मी दिसाव नही. बाकीना दिवस मन्ही मान मोड, मी हू का चू कराव नही." मुकादम हसला, पण ऐकलं त्यानं. कारण तिच्या हाताइतका सफाईदार हात पथारीवर दुसरा नव्हता. तेव्हापासून बावीस वर्षं दर शुक्रवारी नवा पिच्चर लागला की तीनचा शो रंजनाबाईचा. साडीला मिरचीचा खकाणा तसाच, डोक्याला फडकं तसंच. बाजूच्या खुर्चीवरचा माणूस शिंकून शिंकून उठून जायचा, मग तिला पाय सोडायला ऐसपैस जागा व्हायची.

शनिवारी सकाळी बाया देठ खुडायला बसल्या की कुणीतरी विचारायचंच, "कोनता ढीग वं, रंजनाबाई?" ती लगेच सांगायची नाही. दोन ओंजळी मिरची खुडून व्हायची, पाण्याचा घोट व्हायचा, मग बोलायची. आणि एकदा बोलायला लागली की कुठून कुठे खरा, कुठून खोटा, रडण्याचं काम कुणाला जमलं, कुणाला नाही, गाणं कशाला घुसडलं, सगळं. ती 'लाल' म्हणाली तर रविवारी आख्खी पथारी टॉकीजला. 'फटकी' म्हणाली तर कुणी फिरकायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, ही कोण टिकोजीराव? पण जी बाई चार महिने पाठ मोडून हंगामात एकच पिच्चर बघणार, तिनं तो आंधळेपणानं बघायचा होय?

अशी एक रूपलीबाई होती. सातपुड्यातली, धडगावकडची. दरवर्षी हंगामाला दोन पोरी घेऊन खाली उतरायची, पथारीच्या कडेला झोपडी टाकून राहायची आणि रंजनाबाईच्या डाव्या हाताला बसून काम करायची. बोलणं कमी. घरची बोली वेगळी, पथारीवर तोडकंमोडकं बोलायची, पण कान सगळे रंजनाबाईकडे. हंगामात तिचा एक पिच्चर ठरलेला. तो कोणता, हे रंजनाबाई सांगेल तो. तीन वर्षांत एकदाही तिचा रविवार वाया गेला नव्हता.

तर या वर्षी तो हेराचा पिच्चर आला.

काय गाजावाजा त्याचा! अर्धा जमिनीवर, अर्धा अंतराळात. आपला हेर परदेशात पळतो, उड्या मारतो, आणि मध्यंतरानंतर थेट वर, दुश्मनाच्या अंतराळ स्टेशनात. नंदुरबारच्या पोरांनी पहिल्या दिवशी टॉकीजसमोर फटाके फोडले. रंजनाबाई नेहमीप्रमाणे तीनच्या शोला बसली. सोबत तिची जुनी मैत्रीण मंगलाबाई आणि पथारीवरच्या चार-पाच जणी होत्या.

पहिला अर्धा खरंच चोख होता. हेर गच्चीवरून गच्चीवर उडी मारतो तेव्हा रंजनाबाईनं मंगलाबाईचं मनगट असं दाबलं की बांगडी पिचकली. मग मध्यंतर झालं, भजी खाऊन झाली आणि हेर वर गेला. वर सगळं तरंगतं. हेराचं पेन तरंगतं, पाण्याचे थेंब तरंगतात, खुद्द हेर उलटासुलटा तरंगतो. इथवर ठीक. शेवटी व्हिलननं त्याला कोंडीत धरलं, हातात शस्त्र नाही, आणि हेरानं खिशातून काढली पुडी. आईनं निघताना दिलेली लाल तिखटाची पुडी! टॉकीजमध्ये शिट्ट्यांचा पाऊस. पोरं खुर्च्यांवर उभी.

आणि त्याच क्षणाला पथारीच्या सगळ्या बायांनी पदर नाकावर ओढले. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय? पथारीवर कोणी पोतं उपडं करणार असेल तर आधी ओरडतात, "तोंड बांधा वं!" आणि जिथं असेल तिथून प्रत्येक जण वाऱ्याकडे पाठ करून नाक झाकतं. पडद्यावर पुडी फुटली, बायांची नाकं झाकलेली, आणि सगळ्यांचे डोळे हेराच्या तोंडाकडे. त्याचं तोंड उघडं! नाकाला फडकं नाही, डोळ्याला पदर नाही. पुडी फोडून तो पठ्ठ्या दात काढून हसतोय, आणि तिखट सरळ रांगेत जाऊन व्हिलनच्या डोळ्यांत.

"अय, हट!" रंजनाबाई भर टॉकीजमध्ये ओरडली. मागची पोरं "गप गं" म्हणाली, तेव्हा मान वळवून तिनं त्यांनाही एक हट दिला.

बाहेर आली तर दारात हेमकांत माईक घेऊन उभा. हा गावातलाच, मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवणारा. पस्तिशीचा गडी, पण बोलताना सारखी केसांची झुलपं उडवायची सवय. "मावशी, पिच्चर कसा वाटला? प्रेक्षकांचं मत घेतोय." आता रंजनाबाईला मत विचारायचं म्हणजे कालव्याचं दार उघडायचं. चांगली पाच मिनिटं बोलली ती.

"पहिला अर्धा भारी! तो उडी मारस ना, मन्हा जीव वर उना. पन वर गया आन सगळं फटकी. अरे, पानी तरंगस, पेन तरंगस, आन तिखटच तेवढं गुनी सुनसारखं सरळ चालस? आढे जमीन शे, तिखटले खाले बसाले जागा शे, तरी दोन घंटा डोया उघडता येत नही. तढे ना खाले, ना वर. ते तिखट कोठे बसाव? पहिलं तेन्हाच डोयामा जाव! जेन्ही माय तिखटनी पुडी देस, ती माय तोंड बांधाले शिकाडाव नही का?"

हेमकांत माना डोलावत होता. "मस्त, मावशी, मस्त." ती खूश होऊन घरी गेली. पंचायतीत बोलल्यासारखं वाटलं तिला.

शनिवारी पथारी बंद होती, बाजाराची सुट्टी. आणि शनिवारीच टॉकीजच्या फाटकावर नवा फ्लेक्स चढला. हेराच्या फोटोशेजारी रंजनाबाईचा भला मोठा फोटो, तोंड उघडं, हात वर. खाली पिवळ्या अक्षरांत: 'भारी! मन्हा जीव वर उना! – रंजनाबाई, मिरची पथारी'. आणि त्याखाली पाच स्टार.

रंजनाबाईला पत्ता नाही. सोमवारी ती कामावर आली तर डाव्या हाताची जागा रिकामी. रूपलीबाई पार दुसऱ्या टोकाला, खकाणा तोंडावर येतो तिथं, जाऊन बसलेली. रंजनाबाईनं हाक मारली, तिनं पाठ फिरवली. मग उठून गेली. "काय वं, रुसनी का?"

रूपलीबाईनं मान वर केली नाही. देठ खुडत खुडतच म्हणाली, "तू बोलली म्हणून गेली मी. पोरींना घेऊन गेली. बोर्डावर तुझा फोटो होता, 'भारी' लिहिलं होतं. धाकटी आधी हसली, मग झोपली. मोठी म्हणाली, आई, हे खोटं आहे, याच्या डोळ्यांत का नाही गेलं? मी काय सांगू तिला? म्हटलं, रंजनामावशीला विचार."

रंजनाबाई उभ्या जागी थिजली. कुणी गालफडात मारली असती तरी परवडलं असतं. गावभर कुणी हसलं तर तिला फिकीर नव्हती. पण ही बाई चार महिन्यांतला आपला एक रविवार रंजनाबाईच्या शब्दावर टाकत होती, आणि तो शब्द कुणीतरी तिच्याच तोंडाचा फोटो लावून नासवला होता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्या दिवशी तिच्या हातून पहिल्यांदाच फटकी लाल ढिगात गेली. मुकादमानं उचलून दाखवली, तेव्हा ती उठली आणि तडक टॉकीजकडे निघाली.

वाटेत नवरा भेटला. मगनची मालवाहू रिक्षा आहे, मागं हौदा असलेली. पथारी ते गोडाऊन पोती वाहायची. आणि गोडाऊन कुणाचं? नवनीतशेठचं. टॉकीज कुणाची? नवनीतशेठची. मगन मुळातच भिडस्त माणूस, मोठा हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. "जाऊ दे ना," म्हणाला. "शेठनं गोडाऊन शे म्हनून मन्ही गाडी चालस. एक फोटो तर लावेल शे."

"फोटो लावा असता तर मी पेढा वाटता असत्या," रंजनाबाई म्हणाली. "अर्धी जीभ कापी लयी गया तो मन्ही." आणि पुढं चालती झाली.

नवनीतशेठनं तिला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. माणूस गोड, फार गोड. "बेन, रागावता काय? शब्द सगळे तुमचेच आहेत. हेमकांतच्या मोबाईलमध्ये आहेत. एक अक्षर तरी खोटं आहे का?"

"शब्द खरा शेतस, शेठ. ढीग खोटा शे."

"म्हणजे?"

"पोतामा वर लाल आन खाले फटकी भरी दिधी, आन वरला थर दाखाडी विकी दिधी, तर तुमी गोडाऊनमा लेशात का?"

शेठचा चहाचा कप जरा थांबला. पण व्यापारी माणूस, लगेच सावरला. वर्षभराचा पास देतो म्हणाला. बाल्कनीत कायमची खुर्ची देतो म्हणाला. रंजनाबाईनं चहाला हातही लावला नव्हता. "फ्लेक्स उतरा. नही तर आख्खं लिखा." तेव्हा मात्र शेठचा गोडवा आटला. म्हणाला, "अहो, मिरची खुडणाऱ्या बाईच्या मताला विचारतंय कोण?"

"मंग बोर्डवर लावं काबर?" रंजनाबाईनं विचारलं.

उत्तर नसलं की माणसं वॉचमनला बोलावतात, तसं त्यानं बोलावलं. रंजनाबाई स्वतःच्या पायांनी बाहेर आली. हेमकांतकडे गेली तर तो झुलपं उडवत म्हणाला, "मावशी, पाच मिनिटं कोण बघतं आजकाल? लोकांना दहा सेकंद लागतात." ती म्हणाली, "बावीस वरीसथून लोके मन्हं आख्खं ऐकतस, तुन्हं दहा सेकंद कोन ऐकस ते सांग."

शुक्रवार उजाडला. पिच्चरचा दुसरा आठवडा, तीनच्या शोला रांग. रंजनाबाई पथारीवरून तशीच आली आणि आपल्याच फोटोखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि सुरू झाली. पहिल्या उडीपासून शेवटच्या पुडीपर्यंत. आवाज असा की समोरच्या रसवंतीवाल्यानं यंत्र बंद केलं. रांगेतली काही माणसं हसली, काही ऐकू लागली. वॉचमन धावत आला, "बाई, बाजूला व्हा, इथं बोलायचं नाही."

"वर देख," रंजनाबाई म्हणाली. "तो फोटो कोना शे? मन्हा. मी मन्हा फोटोखाले बोली ऱ्हायनू. त्याले हटाड, मंग मी हटसू."

रांगेत हेराच्या नावाचा टीशर्ट घातलेला एक जण होता, चांगला मिशीवाला. तो म्हणाला, "मावशी, मिरची खुडायची अक्कल वेगळी, अंतराळ वेगळं. तिथं मोठमोठ्या शास्त्रज्ञांना विचारून केलेलं असतं सगळं."

"अस्सं?" रंजनाबाई म्हणाली. "शास्त्रज्ञनी कधी पोतं उपडं करेल शे का?" आणि बोलता बोलता सकाळपासूनच्या खकाण्यानं माखलेला पदर तिनं हवेत नुसता झटकला. एकदाच.

आई गं! पहिला शिंकला तो टीशर्टवाला. मग त्याच्या मागचा, मग वॉचमन. मग ऑफिसच्या पायऱ्या उतरणारा नवनीतशेठ, तोही कडेच्या भिंतीला धरून. पूर्ण रांग खोकायला लागली, डोळे चोळायला लागली, आणि ज्यांनी चोळले ते आणखीनच बोंबलायला लागले. रंजनाबाई मात्र पदर नाकावर धरून शांत उभी. "आढे तर मोकळी हवा शे," ती म्हणाली. "तढे खिडकीबी नव्हती!" तेव्हा डोळे पुसत पुसतही लोक हसले, टीशर्टवालासुद्धा.

शेठ मात्र हसला नाही. रुमालात शिंकत म्हणाला, "पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. त्यास्लेबी आख्खं सांगसू."

एवढ्यात हॉर्न वाजला. मोठा, लांब. मगनची रिक्षा रांग फाडत आली आणि नेमकी फ्लेक्सखाली येऊन थांबली. हौद्यात पथारीवरच्या सात-आठ बाया उभ्या. मगनच्या कपाळावर घाम होता, पण त्यानं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून खिशात घातली. "ये वर," तो बायकोला म्हणाला. "हात पोचस आढेथून."

पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसानं कुणाला आडवी गाडी घातली नव्हती.

"मगन!" शेठ ओरडला. "उद्यापासून गोडाऊनला गाडी लावायची नाही."

"सकायनं सकाय देखसूत, शेठ," मगन म्हणाला. "आते गाडीले हात लावू नका. वर मन्ही बायको उभी ऱ्हाई."

हौद्यात चढली तेव्हा तिच्या हातात कुणीतरी काळ्या शाईचा डबा आणि कुंचला दिला, पोत्यांवर मार्का मारतात तो. देणारी रूपलीबाई. पाच दिवसांनी पहिल्यांदा तिनं रंजनाबाईच्या डोळ्यांत बघितलं. "लिही," एवढंच म्हणाली. रंजनाबाई सातवी शिकलेली. तिनं आधी पाचही स्टारवर काट मारली. मग स्वतःच्या फोटोशेजारी, वाकड्यातिकड्या पण ढोबळ अक्षरांत लिहिलं: 'पहिला अर्धा लाल. दुसरा फटकी. हेरले तोंड बांधता येत नही.'

खाली टाळ्या पडल्या. ती कुंचला डब्यात टाकणार, तोच रूपलीबाई म्हणाली, "माझं पण लिही. मला कुणी विचारलंच नाही." रंजनाबाईनं विचारलं, काय लिहू? रूपलीबाईनं विचार केला. "लिही, माझ्या पोरीला मला खोटं सांगता आलं नाही." ते लिहिलं. मग दुसरी म्हणाली, माझं पण. तिसरी म्हणाली, गाणी कमी करा असं लिही. बघता बघता हेराची छाती काळ्या अक्षरांनी भरून गेली, आणि रांगेतला टीशर्टवालाही खालून ओरडला, "मावशी, मन्हंबी!" हेमकांत मोबाईल वर धरून सगळं टिपत होता. ते दहा सेकंदांचं नव्हतं, आणि या वेळी त्याला कापायचं कुठून तेच कळेना.

शेवटी राहिली मंगलाबाई. जुनी मैत्रीण, पिचकलेल्या बांगडीची. ती मघापासून हौद्याच्या कोपऱ्यात गप्प होती. रंजनाबाई म्हणाली, "बोल वं, तुन्हं काय लिखू?"

मंगलाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रागे भराव नही ना?"

"बोल."

"मले तर भू आवडना बाई पिच्चर," मंगलाबाई म्हणाली. "आख्खा. ती तिखटनी पुडीबी."

भू आवडना, म्हणजे फारच आवडला! खाली शेठनं मान वर केली, त्याच्या तोंडावर त्या दुपारचं पहिलं हसू आलं. रंजनाबाईच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. आख्ख्या गावासमोर, आपल्याच मैत्रिणीनं! कुंचल्यातून शाई टपटपत तिच्या पायावर पडत होती. "पुडीबी?" तिनं विचारलं. "पुडीबी," मंगलाबाई म्हणाली.

रंजनाबाईनं दात ओठ खाल्ले. मग कुंचला शाईत पुन्हा बुडवला, हेराच्या कपाळावर मोकळी जागा उरली होती तिथं हात उंच केला, आणि एकही शब्द न गाळता लिहिलं: 'मंगलाबाई: भू आवडना. आख्खा. पुडीबी.'